वालापासून नीरेपर्यंत

1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, अर्ज केला. वडील आणि काका तिथेच रसायनशास्त्र शिकलेले. तरीही संचालक सी. व्ही. रामन यांनी ‘मुलगी’ म्हणून नकार दिला. त्या थेट बंगळूरला जाऊन ठाण मांडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडवायचे नाही. ही शेवटची अट वाचताना आजही संताप येतो.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतली प्रथिने अभ्यासली. 1936 मध्ये एम.एस्सी. झाली. त्यांचे काम पाहून रामन यांनी मुलींना प्रवेश देणे सुरू केले.

पुढचा टप्पा केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचे त्यांनी दाखवले. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे नेणारे हे प्रथिन. पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा!

1947 मध्ये लग्नानंतर कमला सोहोनी मुंबईत आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. कच्च्या वालात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे द्रव्य असते. ते त्यांनी सहकाऱ्यासह स्फटिकरूपात वेगळे केले. 1955 मध्ये ‘नेचर’ने ते छापले. अन्नातले प्रथिन आकड्यांत कितीही भरो, अंगी किती लागते हा खरा प्रश्न. बंगळूरमध्ये सुरू झालेली वाट इथे थेट स्वयंपाकघरात पोचली.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. पहाटेची ताजी नीरा गोड आणि पौष्टिक, पण ऊन चढले की आंबून तिची ताडी होते. म्हणून ती टिकवण्याचा प्रश्नही पोषणाइतकाच महत्त्वाचा. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरेने फायदा होतो, हे त्यांच्या संशोधनातून दिसले आणि या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्धप्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला.

लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या भगिनी. मराठी घरांत दुर्गाबाईंचे नाव सहज निघते. कमलाबाईंचेही तसेच निघायला हवे. उतारवयात त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि अन्नभेसळीबद्दल लोकांना सावध करणारे लेख लिहीत राहिल्या.