इंदूरची माती आणि हवेतील कर्ब

इंदूरच्या कृषि महाविद्यालयावरून आपण नित्य जातो-येतो. पण खताच्या शास्त्रात या जागेचे नाव जगभर घेतले जाते, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असावे. होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर 1924 साली येथे संशोधन-संस्था निघाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड व सहकारी यशवंत वाड यांनी 1931 साली ग्रंथरूपाने मांडलेली खताची रीत 'इंदूर पद्धत' म्हणून प्रसिद्ध आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर खड्ड्यात द्यायचे, ओल राखायची, तीन वेळा उलथापालथ करायची. सुमारे 90 दिवसांत काळसर, भुसभुशीत खत तयार. पऱ्हाट्या फार टणक, म्हणून त्या वाटेवर पसरीत आणि गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा होई! ही युक्ती आम्हांस फार आवडते.

हॉवर्डांची दृष्टी पिकावर होती. आज त्याच प्रश्नाला दुसरी बाजू आली आहे. झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन आपले अंग घडविते. मुळे व पालापाचोळा मातीत कुजला म्हणजे त्यातील बराचसा कर्ब पुन्हा हवेत जातो, पण काही अंश मातीच्या कणांस चिकटून वर्षानुवर्षे राहतो. एका एकरातील वरच्या वीतभर मातीचे वजन साधारण 8 लाख किलो धरा. तीत कर्ब शेकडा 0.1 ने वाढला, तर 800 किलो कर्ब, म्हणजे हवेतील सुमारे 3 टन कार्बन डायऑक्साइड, जमिनीत मुरला. शिवाय अशी माती ओल धरते, हा लाभ शेतकऱ्यास आधी दिसतो.

मात्र भोळी आशा नको. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे 1843 पासून एका शेतात दरसाल शेणखत घालीत आहेत. तेथील कर्ब बिनखताच्या वाफ्याच्या दुपटीहून अधिक झाला, पण वाढीचा वेग पुढे मंदावला. माती काही अथांग कोठार नव्हे. खत बंद केले की साठा ओसरू लागतो. आणि एका शेतातले शेण दुसऱ्यात नेले, तर ती नवी कमाई नव्हे, नुसती वाटणी. जो काडीकचरा एरवी जळाला असता, तो कुजवून मातीस दिला, तरच काही मिळविले.

येथे आपला संबंध येतो. आपल्या कित्येक कुटुंबांची जमीन माळव्यात वर्षाच्या खंडाने दिलेली असते. गहू निघाला की खंडकरी नरवाई पेटवून देतो आणि सोयाबीनसाठी शेत मोकळे करतो. त्यास दोष कसा द्यावा? पुढल्या साली जमीन त्याच्याकडे राहील की नाही, हे त्यासच ठाऊक नसते. दहा वर्षांनी फळ देणारे काम तो का करील? आम्हीही खंडाची रक्कम मोजून घेतली, धूर मात्र कधी विचारला नाही.

यंदा आम्ही तीन वर्षांचा करार केला. नरवाई न जाळण्याच्या अटीवर खंड थोडा उतरविला. घरच्या मंडळींत कुरबूर झालीच. माती तपासून घेतली, तेव्हा सेंद्रिय कर्ब शेकडा 0.5 च्या खाली, म्हणजे 'कमी' या वर्गात निघाला. तो कागद कराराबरोबर जोडून ठेवला आहे. तीन वर्षांनी त्याच शेताचा, त्याच खोलीवरचा नमुना पुन्हा पाठवू.