विद्यापीठाची वाट

बल्हारशा जंक्शनच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाला दिल्ली, चेन्नई किंवा हैदराबाद यांपैकी कोणत्याही नगरातील विद्यापीठाकडे नेणारी गाडी सहज मिळते. परंतु ज्या विद्यापीठाची मोहोर त्याच्या स्वतःच्या पदवीपत्रावर उमटावयाची असते, त्या गोंडवाना विद्यापीठाकडे जावयाचे झाल्यास त्याला स्टेशनाकडे पाठ फिरवून एस. टी.ची वाट धरावी लागते. गडचिरोली या जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंत रेल्वे अद्याप पोचलेली नाही, मार्गाचे काम चालू आहे. तोवर जिल्ह्यातील स्थानक म्हणजे वडसा, आणि तेथून पुढे सुमारे ५० किलोमीटर सडकेचा प्रवास उरतोच. पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठे जे उपक्रम भरवितात व ज्या सवलती देऊ करतात, त्यांचा विचार पुण्या-मुंबईच्या वाचकाने आपल्या अंगणात उभे राहून केला तर तो अपुरा ठरेल, असे आम्हांस वाटते, ते याचसाठी. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यजिल्ह्यांत प्रत्येक तरतुदीची किंमत प्रथम किलोमीटरांत मोजावी लागते.

अर्थात पूर्वी हे अंतर याहून अधिक होते. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या छायेत हा मुलूख कित्येक दशके राहिला. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावरील सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला एका शिक्क्यासाठी वा एका सहीसाठी अवघा विदर्भ उभा ओलांडून नागपूर गाठावे लागे. बल्हारशा स्थानक ज्या गावाचे त्या बल्लारपूरच्या समोर, वर्धा नदीच्या पैलतीरी असलेला राजुरा तर १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, म्हणजे एका नदीच्या दोन काठांवरच्या मुलांच्या नजरा विद्येसाठी नागपूर आणि उस्मानिया अशा दोन भिन्न दिशांना लागलेल्या असत. २७ सप्टेंबर २०११ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरते गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हा द्राविडी प्राणायाम पुष्कळसा संपला. सिरोंच्याहून गडचिरोली आजही सुमारे २०० किलोमीटर दूर आहे, पण निदान दप्तर तरी आपल्या मुलखात आले.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप करावयाचा तो विद्यार्थी कोण, हे पाहिले पाहिजे. पदवीच्या वर्गातील मुलाला वर्ग असतो, बाके असतात, बाकावर शेजारी असतो, पीएच. डी.ला नोंदणी केलेल्या माणसाला मात्र एक गाईड, एक नोंदणी क्रमांक आणि एक विषय, एवढाच परिवार उरतो. तो बहुधा एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत असतो, घरी वडिलांच्या शेताचा वा पेपर मिलच्या पाळीचा संसार असतो, आणि सिनॉप्सिस कोठवर आले, या प्रश्नाला वर्षानुवर्षे तेच उत्तर देऊन तो थकलेला असतो. अशा माणसाला उपक्रमाचे महत्त्व करमणुकीपुरते नसते. आपण करतो आहोत ते आणखी कोणीतरी करते आहे, ही खातरजमा त्याला तेथे होते.

या दृष्टीने पाहता महाराष्ट्रात राजभवनाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या दोन उपक्रमांत मोठे अंतर आढळते. २००३ पासून चालत आलेला ‘इंद्रधनुष्य’ हा आंतरविद्यापीठ सांस्कृतिक महोत्सव म्हणजे नृत्य, नाट्य, संगीत, वक्तृत्व यांचा मेळा. वडसा येथे केंद्र असलेली झाडीपट्टीची रंगभूमी ज्यांच्या कानामनात रुजली आहे, अशा या मुलखातील मुलांना तेथे शिकवावयाचे फारसे शिल्लक नसते. गॅदरिंगचा उत्साह आम्हांलाही प्रिय आहे. परंतु संशोधक विद्यार्थ्याचे खरे स्नेहसंमेलन म्हणजे २००६ साली सुरू झालेला ‘आविष्कार’. मानव्यविद्या, भाषा व ललित कला यांपासून वाणिज्य, शुद्ध विज्ञाने, कृषी, अभियांत्रिकी आणि वैद्यक-औषधनिर्माण यांपर्यंत सहा शाखांत, पदवी, पदव्युत्तर आणि त्याहून वरचे संशोधक अशा वेगवेगळ्या पायऱ्यांवर ही संशोधन स्पर्धा होते. प्रथम आपापल्या विद्यापीठात निवड, आणि मग निवडलेल्यांची राज्यपातळीवर हजेरी. प्रारंभी आपले काम एका पोस्टरवर मांडून त्याच्या शेजारी उभे राहावयाचे, परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची, आणि त्यातून पुढे गेल्यास व्यासपीठावर बोलावयाचे, असा त्याचा शिरस्ता आहे.

पोस्टर ही वस्तू वरवर पाहता बालिश वाटते. परंतु २०० पृष्ठांत जे सांगण्याची सवय झाली आहे ते एका कागदावर बसविताना आपल्याला नेमके काय सापडले आहे, याचा निवाडा लेखकाला स्वतःशीच करावा लागतो, आणि तो निवाडा करण्याचे धैर्य अनेक प्रबंधांत शेवटपर्यंत दिसत नाही! शिवाय या मुलखाजवळ विषयांची वाण नाही. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणारे धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा, सिरोंच्याजवळच्या वडधम येथील जीवाश्म, मार्कंड्याची मंदिरे, बल्लारपूरच्या वर्धाकाठचा गोंडराजांचा किल्ला, बांबू, मोह, तेंदू आणि वाघ, एवढे सारे ज्याच्या दाराशी आहे त्याने दुसऱ्या कोणाच्या ग्रंथातील प्रश्नाचे उष्टे चघळण्याचे कारण नाही. गोंडी वा माडिया ज्याची मातृभाषा आहे असा विद्यार्थी पोस्टरशेजारी उभा राहून परीक्षकालाच आपल्या भाषेतील एखाद्या शब्दाचा अर्थ समजावून सांगतो, तेव्हा विद्यापीठ गडचिरोलीला का आणले, या प्रश्नाचे उत्तर वेगळे द्यावे लागत नाही.

यानंतर पैशाची बाब. ज्याने नेटची परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविली त्याला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये असा दर लागू झाला. परंतु हा मान थोड्यांच्या वाट्याला येतो. अनुसूचित जमातींच्या संशोधकांसाठी केंद्र शासनाच्या अधिछात्रवृत्तीच्या वर्षाला ७५० जागा असतात, आणि त्या साऱ्या देशासाठी असतात. राज्यात पुण्याची बार्टी व सारथी आणि नागपूरची महाज्योती या संस्थांनी आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती दिल्या आहेत. शासकीय वसतिगृहात ज्यांना जागा मिळाली नाही अशांच्या भोजन-निवासाचा खर्च थेट बँक खात्यात जमा करणाऱ्या स्वयम् आणि स्वाधार या योजना आहेत. पहिली आदिवासी विद्यार्थ्यांसाठी, दुसरी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालये चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड येथे आहेत, तेव्हा चौकशीसाठी नागपूर गाठण्याची गरज नाही. अर्जदाराची फजिती बहुधा पात्रतेपाशी होत नाही, ती मुदतीपाशी होते. जात पडताळणीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि बोनाफाईड ही त्रयी ज्याने जाहिरात निघण्यापूर्वीच जवळ करून ठेवली, त्याचे अर्धे काम झालेच.

ग्रंथांची चणचण मात्र खरोखर ओसरली आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेल्या ‘शोधगंगा’त देशभरातील प्रबंध विनामूल्य वाचता येतात, आणि गोंडपिपरीच्या मुलाला आता तेवढ्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही.

नियमांविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण ते कोणी आपण होऊन सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच. डी.ची मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात, महिलांना व दिव्यांगांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि महिलांना प्रसूती वा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे आपल्या कामाची कैफियत मांडावयाची असते, ही अनेकांना जाचक वाटणारी अट वस्तुतः विद्यार्थ्याची ढाल आहे. कारण गाईड आणि विद्यार्थी यांच्यात काही बिनसले असेल तर त्या दोघांच्या पलीकडे ऐकणारे कोणी नाही, असे मग राहत नाही. त्यानेही न भागल्यास २०२३ च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल अशी दुहेरी दाद मागण्याची सोय केली आहे. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांतून हा लोकपाल नेमावयाचा असतो. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यान्वये अंतर्गत समिती असते आणि तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते, हे मुलींनी प्रवेशाच्या दिवशीच वहीत टिपून ठेवावे. मनाचा भार असह्य झाला तर १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. गाईडपाशी जे बोलता येत नाही, आणि घरी तर मुळीच येत नाही, ते अनोळखी माणसापाशी बोलता येते.

मुलींच्या बाबतीत बल्लारपूरचे भाग्य थोडे अधिक. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या एस. एन. डी. टी.चे, ज्ञानसंकुल अलीकडे येथे आले, आणि एकेकाळी हिंगण्यात आरंभलेले कार्य वर्धेच्या काठी पोचले. परंतु ज्या मुलीला गडचिरोलीचीच वाट धरावयाची आहे, तिच्यासाठी आमच्या मते सर्वांत उपयुक्त मदत शिक्षण खात्याच्या कोणत्याही कागदावर लिहिलेली नाही. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. चंद्रपूर, मूल, सावली, व्याहाड असे थांबे घेत जाणाऱ्या गाडीत पोस्टरची गुंडाळी उभी धरून बसलेल्या मुलीला वाहक अर्ध्या भाड्याचे तिकीट देतो, तेव्हा तिच्याकडे कोणी दाखला मागत नाही, आणि तिच्या अर्जाची मुदतही संपलेली नसते.