एक पाते, दोन कामे

फळी उभी चिरायला टेबल सॉ, चौकटीचा कोपरा 45 अंशांत कापायला मायटर सॉ. फ्लॅटच्या कामावरचा सुतार ही दोन्ही धुडे जिन्यावरून किती वेळा चढवणार?

त्यावर उतारा म्हणजे जोडयंत्र. मकिताच्या ‘एलएच 1040’मध्ये 260 मिमीचे पाते खाली आडवे-तिरके कापते आणि डोक्यावरच्या छोट्या टेबलातून वरही डोकावते. वजन साधारण 14 किलो. वर चिरता येते ती जेमतेम 40 मिमी जाडी. बीडिंगला, पट्ट्यांना पुरे, आठ बाय चारचा प्लायवुड मात्र त्यावर चढवू नये.

डीवॉल्टच्या ‘डीडब्ल्यू 743’चे टेबलच उलटते. जागा ऐसपैस, पण वजन 35 किलोंच्या वर. शिवाय दर पालटीला गार्ड बदला, गुण्या लावून काटकोन तपासा. दिवसात दहादा पालटायचे असेल तर दोन वेगळी यंत्रेच बरी.