चिनी पत्रातला 'नी' आणि 'निन'

आमच्या वस्तीतला एक मुलगा बी.कॉम. होऊन चीनहून यंत्रांचे सुटे भाग मागविणाऱ्या एका कंपनीत लागला. सहा महिने प्रोबेशन. क्लासला जाऊन त्याने बऱ्यापैकी चिनीही शिकून घेतली होती. पहिला ई-मेल मोठ्या उमेदीने लिहिला. वर तिकडच्या व्यवस्थापकाचे नुसते नाव, आणि मजकुरात सगळीकडे 'नी'. आठ दिवस उत्तर नाही. क्लासच्या मास्तरांना दाखविला, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

चिनीत 'तू' म्हणजे 'नी' आणि 'आपण' म्हणजे 'निन'. 'निन' लिहिताना 'नी'च्या अक्षराखाली हृदयाचे अक्षर येते. 'नी' ही काही शिवी नव्हे. मित्रांत, बरोबरीच्यांत तेच चालते. परंतु अनोळखी माणसाला, वरिष्ठाला, गिऱ्हाइकाला पहिल्या पत्रात 'निन'च लिहावे. अरे-तुरे ऐकून घेणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

तिकडे आडनाव आधी, नाव नंतर आणि हुद्दा आडनावाच्या मागे. व्यवस्थापक म्हणजे 'चिंगली'. तेव्हा वांग आडनावाचे व्यवस्थापक 'वांग चिंगली' झाले, जसे आपल्याकडे 'कांबळे साहेब'. त्याआधी 'त्सुनचिंग द', म्हणजे 'आदरणीय', आणि खालच्या ओळीत 'निन हाओ', म्हणजे 'नमस्कार'. उपव्यवस्थापकाला संबोधताना 'उप' गाळण्याची रीत आहे. (ही रीत आमच्या कचेरीतल्या डेप्युटी साहेबांनाही आवडेल!) हुद्दा ठाऊक नसेल तर पुरुषाला 'श्येनशेंग' आणि बाईंना 'न्यूशी' लावावे. 'कुमारी' या अर्थाचा 'श्याओच्ये' हा जुना शब्द मात्र चीनमध्ये टाळलेला बरा. त्याला तिथे हलका अर्थ चिकटला आहे. नावावरून बाई की पुरुष हे पुष्कळदा कळत नाही, म्हणून आधी कोणाला तरी विचारून घ्यावे.

अक्षरांचेही भान हवे. चीनने १९५६ साली अक्षरे सोपी करण्याची योजना जाहीर केली. तैवान आणि हाँगकाँगमध्ये मात्र जुनीच अक्षरे चालतात. बीजिंगचा मजकूर तसाच्या तसा तैपेईला धाडू नये.

आपण जसे 'कळावे, लोभ असावा' लिहितो, तसे तिकडे शेवटी 'त्सिचि' आणि खालच्या ओळीत अगदी डाव्या कडेला 'चिंगली' लिहितात. हा 'चिंगली' म्हणजे आदराचा नमस्कार. व्यवस्थापकही चिंगली आणि नमस्कारही चिंगली. पण अक्षरे वेगळी, सूरही वेगळा. मग उजवीकडे आपले नाव, त्याखाली तारीख. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपली उलटी सवय इथे घोटाळा करते.

मुलाने रात्री बसून पत्र नव्याने लिहिले. मास्तरांनी दोन अक्षरे सुधारली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. मालाच्या दराआधी त्यात एक ओळ होती: मुलाचे आडनाव, त्यापुढे 'श्येनशेंग', आणि 'निन हाओ'. ते पान त्याने छापून घेतले आणि घरी आईला दाखविले.