सवय मुरते कशी?

कोणतीही गोष्ट सलग 21 दिवस केली की तिची सवय होते, असे आपण नेहमी ऐकतो. हा आकडा आला कुठून? अमेरिकेतील प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी 1960 साली एका पुस्तकात लिहिले, की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना निदान 21 दिवस लागतात. पुढे त्यातला 'निदान' गळून पडला, रुग्णही गळले. आकडा तेवढा उरला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी हा काळ मोजून पाहिला. त्यांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणे, रात्रीच्या जेवणाआधी धावणे अशी एकेक नवी सवय 96 जणांनी निवडली. ती कृती आज केली का आणि ती कितपत आपसूक झाली, याची नोंद त्यांनी 12 आठवडे ठेवायची होती. या नोंदींचे आलेख आधी झपाट्याने चढतात आणि मग सपाट होतात. ज्यांचे आलेख नीट जुळले अशा 39 जणांत सपाटीजवळ पोचण्याच्या काळाचा मध्यक 66 दिवस आला. कुणाला 18 दिवस पुरले. कुणाचा आलेख पुढे वाढवल्यावर 254 दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही.

म्हणजे सवय निर्धारावर टिकत नाही. ठरावीक खुणेपाठोपाठ तीच कृती वारंवार घडली, की खूण दिसताच कृती सुरू होते. विचार करावा लागत नाही.

शाळेत हे कसे वापरता येईल? जेवणाआधी साबणाने हात धुतल्यास जुलाबाचा धोका कमी होतो, हे मुलांना पाठ असते. तरी स्वच्छता सप्ताह संपला की नळ ओस पडतो. तेव्हा आणखी एक व्याख्यान देण्याऐवजी जेवणाची रांगच नळावरून न्यावी. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाशीच टांगावा. घंटा, नळ, ताट हा क्रम रोज तोच ठेवावा. एखादा दिवस पाणी आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

आठवी-नववीच्या मुलांना तीन महिने रोजची मोजणी करू द्या. न सांगता किती जणांनी हात धुतले, याचा आलेख त्यांनीच काढावा. तो कितव्या दिवशी सपाट होतो, हे आपल्या शाळेपुरते त्यांना स्वतः शोधता येईल.