किट कार: करसवलतीतून घडलेली अभियंत्यांची शाळा

मोटार तयार स्वरूपात न विकता तिचे सुटे भाग ग्राहकाच्या हाती द्यायचे आणि जोडणी त्याच्यावर सोपवायची, ही ‘किट कार’ची कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये ती रुजली, त्यामागे हौसेइतकेच करव्यवस्थेचे कारण होते. तयार मोटारीवर खरेदी कर द्यावा लागे. सुट्या भागांच्या संचावर मात्र तो लागू नव्हता. या फरकाचा सर्वाधिक कल्पक उपयोग लंडनमधील ‘लोटस’ या छोट्या कंपनीने केला.

कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. पूल किंवा छत उभारताना कमीत कमी साहित्यात अधिकाधिक भार कसा पेलायचा, हा त्या शास्त्रातील विचार त्यांनी मोटारीला लावला. 1952 मध्ये लंडनच्या हॉर्न्सी भागातील जुन्या तबेल्यांत कंपनीचे काम सुरू झाले. तेथे तयार झालेल्या ‘मार्क सहा’चा सांगाडा पोलादी नळ्यांचा असून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवलेला होता. इंजिन व इतर अनेक यांत्रिक भाग फोर्डच्या साध्या प्रवासी मोटारींचे वापरता येत. त्यामुळे ग्राहकाला ते सहज मिळत आणि कंपनीलाही स्वतःचे इंजिन बनवण्याचा खर्च करावा लागत नसे.

1957 मध्ये आलेल्या ‘लोटस सेव्हन’ने ही पद्धत लोकप्रिय केली. करासह तयार मोटारीची किंमत सुमारे 1,036 पौंड होती, तर सुट्या भागांचा संच 536 पौंडांत मिळे. करसवलतीच्या नियमानुसार संचासोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. त्यावर कंपनीने मोटार सुटी करण्याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचाव्यात अशी सोय केली, असे सांगितले जाते.

मात्र केवळ पळवाटेवर कंपनी उभी राहत नाही. घरच्या गॅरेजमध्ये हौशी माणसाने जोडलेली मोटार रस्त्यावर सुरक्षित धावावी, तर रचना सुटसुटीत आणि भाग मोजके हवेत. ही अट अभियंत्यांसाठी कसोटी ठरली. विमान उद्योगातून आलेले माइक कॉस्टिन आणि गिअरबॉक्सवर काम करणारे कीथ डकवर्थ हे दोघे लोटसमध्येच एकत्र आले. त्यांनी 1958 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीला दोघांच्या आडनावांवरून ‘कॉसवर्थ’ हे नाव मिळाले. तिच्या डीएफव्ही इंजिनाने 1967 मध्ये लोटसच्याच मोटारीतून पदार्पणाची शर्यत जिंकली आणि पुढे फॉर्म्युला वनच्या दीडशेहून अधिक शर्यतींत विजय मिळवले. माइक यांचे बंधू फ्रँक कॉस्टिन यांनी जेम मार्श यांच्यासह ‘मार्कोस’ची उभारणी केली; तिच्या सुरुवातीच्या मोटारींचा सांगाडा प्लायवूडचा होता.

1 एप्रिल 1973 रोजी खरेदी कराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि संचाचा करलाभ संपला. लोटस एव्हाना महागड्या तयार मोटारींकडे वळली होती. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क तिचे विक्रेते ग्रॅहम निअर्न यांच्या ‘केटरहॅम’ कंपनीकडे गेले. ती आजही ब्रिटनमध्ये हे संच विकते. हौशी माणसाने जोडलेल्या मोटारीला तेथे रस्त्यावर येण्यापूर्वी प्रत्येक वाहनागणिक होणारी तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते.

भारतातील व्यवस्था उत्पादककेंद्री आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 नुसार उत्पादकाला वाहनाचा नमुना पुण्यातील एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एकेकट्या मोटारीच्या हौशी निर्मात्याला ही वाट खडतर आहे. सुरक्षेशी तडजोड न करता अशा प्रयोगांना वाव कसा द्यायचा, हा धोरणाचा प्रश्न आहे. करसवलत संपल्यानंतरही ‘सेव्हन’ टिकली, ती तिच्या साध्या, हलक्या रचनेमुळे. आणि ती रचना एका लहान कार्यशाळेत घडली होती.