खिरीची खपली, तांबेऱ्याची वैरीण

गव्हाची खीर करायची तर खपलीच हवी, असं सांगली-कोल्हापूरकडची कुठलीही सुगरण सांगेल. दाणा मऊ शिजतो, पण त्याचा लगदा होत नाही. कांडून साल काढायचा व्याप मोठा, तरी सणाला खपलीच लागते! पण मैत्रिणींनो, हीच खपली जगभरच्या गहू-शास्त्रज्ञांना शंभर वर्षांपासून नावानिशी ठाऊक आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? आणि तेही खिरीसाठी नाही बरं का, तर तिच्या अंगातल्या रोगाशी झुंजण्याच्या ताकदीसाठी.

हा तांबेरा येतो कुठून?

ज्यांच्या घरी गहू पिकतो त्यांना तांबेरा वेगळा सांगायला नको. पानावर, काडीवर गंज चढल्यासारखे फोड येतात. हात लावला की बोटांना विटकरी भुकटी लागते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यावर बसून ते शेकडो मैल जातात. मग काडीतला रस बुरशी पिते आणि ओंबीत दाणा भरतच नाही. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने असाच हाहाकार केला होता.

आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी या रोगाचा माग काढला. मैदानातल्या कडक उन्हाळ्यात ही बुरशी तगत नाही, थंड डोंगरांत ती जीव धरून राहते आणि दर वर्षी तिथून खाली उतरते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडचा काळा तांबेरा मुख्यतः दक्षिणेतल्या निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून येतो. महाबळेश्वरची थंड, दमट हवाही त्याला मानवते. म्हणून तिथल्या गहू गेरवा संशोधन केंद्रात गव्हाचे नवे वाण मुद्दाम या रोगापुढे उभे करून पारखतात.

राखणदार आणि चोर

काही वाणांना रोग होतो, काहींना होत नाही, असं का? १९०५ साली इंग्लंडमध्ये रोलंड बिफेन यांनी दाखवलं की रोगाला दाद न देण्याचा गुण आईबापांकडून पिल्लांकडे जातो, अगदी नाकाडोळ्यांसारखा! हा गुण ज्यात असतो ते जनुक म्हणजे दारातला राखणदारच समजा. पण यातले बरेच राखणदार चोराला एकाच खुणेवरून ओळखतात. चोराने वेश बदलला की संपलं, तो सरळ घरात शिरतो.

नेमकं हेच घडलं. राय नावाच्या धान्याकडून गव्हात आणलेलं ‘एसआर ३१’ हे जनुक कित्येक वर्षं जगभरच्या गव्हाची राखण करत होतं. आपल्या उत्तर भारतात घरोघरी पेरला जाणारा ‘पीबीडब्ल्यू ३४३’ हा वाणही त्याच्याच भरवशावर होता. १९९८ साली आफ्रिकेतल्या युगांडात त्याला चकवणारा तांबेरा सापडला. त्याचं नाव ‘युजी ९९’. केनिया, इथिओपिया, येमेन करत २००७ साली तो इराणमध्ये आढळला. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदी ओलांडलेले, पण २००५ सालीच त्यांनी धोक्याची घंटा वाजवली होती. भारतानेही आपले वाण केनियात पाठवून पारखून घेतले.

अशा वेळी आपली खपली कामाला आली! सिडनीच्या वॉटरहाउस यांनी पूर्वीच खपलीचा तिथल्या गव्हाशी संकर करून ‘खॅपस्टाइन’ नावाचा वाण तयार केला होता. हे काम सोपं नव्हतं, कारण पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात आणि खपलीत २८. खपलीतलं ‘एसआर १३’ हे जनुक युजी ९९ च्या कुळालाही अडवतं, असं दिसून आलं. २०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते जनुक नेमकं वेगळं काढून दाखवलं.

पण इथेही गाफील राहून चालणार नाही. या जनुकालाही चकवणारा तांबेरा इथिओपियात सापडला आहे. म्हणून आता शास्त्रज्ञ एकाच वाणात तीन-चार राखणदार एकत्र बसवतात. एकाला फसवलं, तरी दुसरा जागा असतोच.

घरच्या बियाण्याकडे लक्ष द्या

बी निवडणं, पाखडणं, जपणं हे काम बहुतेक घरांत आपणच करतो. तेव्हा एवढं नक्की करा:

- वर्षानुवर्षं एकच जुनं बी धरून बसू नका. कृषी विद्यापीठाने आपल्या भागासाठी शिफारस केलेला वाण विचारून घ्या.
- सगळ्या रानात एकच वाण नको. दोन वाण पेरले तर एक बुडाला तरी दुसरा हाती लागतो.
- पेरणी फार उशिरा करू नका आणि युरियाचा मारा टाळा. या दोन्हींमुळे तांबेऱ्याचं फावतं.
- पानावर विटकरी फोड दिसले तर लगेच कृषी सहायकाला दाखवा. शेजारणीलाही सांगा, कारण वारा बांध पाहत नाही.

आणि हो, जमलं तर चार गुंठे खपलीही ठेवा. तिचं पीक थोडं कमी येतं, कांडायचा त्रासही असतो. पण असे जुने वाण शेतातून गेले की त्यांच्यातले राखणदारही जातात, आणि ते पुन्हा कुठल्या दुकानात विकत मिळत नाहीत.